गेज ४३, स्क्रीन ४३.९: झीरो मारण्याआधी काय बघायचं

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. सांगली जिल्ह्यातल्या एका साखर कारखान्यात तुम्ही दोन वर्षांपासून इन्स्ट्रुमेंट विभागात आहात. ४५ किलोचा, म्हणजे ४५ किलो प्रति चौरस सेंटिमीटर दाबाचा, बॉयलर आहे. मेन स्टीमचं प्रेशर हेडरजवळच्या (वाफेच्या मुख्य पाइपजवळच्या) ०-७० च्या गेजवर ४३ दिसतं आणि कंट्रोल रूममधल्या कॉम्प्युटरच्या, म्हणजे डीसीएसच्या, स्क्रीनवर ४३.९. फायरमन म्हणतात गेज बरोबर आहे. शिफ्टचे साहेब म्हणतात, झीरो मार आणि मोकळा हो, म्हणजे ट्रान्समीटरचा (दाब मोजून स्क्रीनकडे पाठवणाऱ्या उपकरणाचा) शून्य सरकवून फरक मिटव. तुम्ही ट्रान्समीटरच बदलून नवा लावला, तरी फरक तेवढाच राहिला. दुसरं म्हणजे उघड्यावर असलेल्या फीड वॉटरच्या ट्रान्समीटरचं रीडिंग पहाटे चढतं आणि दुपारी आपोआप उतरतं. तिसरं, साखर शिजवायच्या पॅनचा व्हॅक्यूम ट्रान्समीटर कॅलिब्रेट करताना पंप पाऱ्याच्या ७०० मिलिमीटरच्या वर जातच नाही, तर पंप खराब आहे का, असं विचारलंय.

पंप चांगला आहे, त्याचं कारण पुढे येईल. आधी ४३ आणि ४३.९ चं बघू, कारण तिथे साहेबांचं ऐकून झीरो मारलात तर फरक जाणार नाही, फक्त दिसेनासा होईल. आणि दिसेनासा झालेला फरक नंतर शोधणं फार अवघड असतं.

साताऱ्यात आणि सांगलीत मिळून सव्वीस वर्षं मी हेच काम केलंय. तेवढ्या काळात एक गोष्ट पक्की बसली. ट्रान्समीटर हेडरमधला दाब बघत नाही. त्याच्या डायफ्रामवर, म्हणजे दाब झेलणाऱ्या पातळ पडद्यावर, जेवढा दाब येऊन पडतो तेवढाच तो सांगतो. हेडर आणि डायफ्राम यांच्यामध्ये पाइप आहे, पाणी आहे, व्हॉल्व्ह आहेत. डायफ्राम आणि स्क्रीन यांच्यामध्ये तार आहे, जंक्शन बॉक्स आहे, कार्ड आहे, कुणीतरी भरलेली रेंज आहे. फरक यांपैकी कुठे जन्माला आला हे कळेपर्यंत ट्रान्समीटरला हात लावायचा नाही. तुम्ही नवा ट्रान्समीटर लावूनही फरक हललाच नाही, म्हणजे जुनाही निर्दोष आणि नवाही. दोन वेगळी उपकरणं एकसारखी चूक करत नाहीत.

आता त्या गेजकडे बघा. ०-७० चा गेज एक क्लासचा असेल तर त्याची मुभा पूर्ण स्केलच्या एक टक्का, म्हणजे अधिक-उणे ०.७ किलो. तुमच्या ट्रान्समीटरची कागदावरची अचूकता ०.०७५ टक्के धरली तर ०-६० च्या रेंजवर, म्हणजे ६० च्या स्पॅनवर, ती ०.०४५ किलो होते. ज्याला स्वतःला ०.७ ची सूट आहे, त्याला ०.९ च्या भांडणात न्यायाधीश करता येत नाही. फायरमन गेजवर विश्वास ठेवतात ते मला समजतं. गेजला वीज लागत नाही, तो त्यांच्या डोळ्यांसमोर असतो, आणि पूर्वी त्यानेच त्यांना वाचवलेलं असतं. त्यांच्याशी वाद घालू नका. मास्टर गेज घेऊन वर जा आणि शक्य असेल तेव्हा त्यांच्यासमोरच तुलना करा.

गेज बरोबर निघाला असं धरू. मग माझा पहिला संशय इम्पल्स लाइनमधल्या, म्हणजे हेडरपासून ट्रान्समीटरपर्यंत दाब आणणाऱ्या बारीक पाइपमधल्या, पाण्यावर. तुमचा गेज वर हेडरपाशी आहे आणि ट्रान्समीटर खाली फायरिंग फ्लोअरच्या रॅकवर आहे, असं तुमच्या वर्णनावरून दिसतं. वाफेच्या सर्व्हिसमध्ये ट्रान्समीटर टॅपिंगच्या (हेडरला लाइन जोडलेल्या जागेच्या) खालीच बसवतात, म्हणजे लाइनमध्ये वाफ थंड होऊन पाणी साचतं आणि जिवंत वाफ डायफ्रामपर्यंत पोचत नाही. ४५ किलोला वाफेचं तापमान २५७ अंशांच्या आसपास असतं, सुपरहीटरनंतर त्याहून बरंच जास्त. आणि बहुतेक ट्रान्समीटरच्या सेन्सरला १२० अंशांच्या आसपासचीच मर्यादा असते. म्हणून पाणी हवंच. पण त्या पाण्याला वजन आहे. दहा मीटर उभ्या पाण्याचा एक किलो दाब होतो. तुमचा रॅक टॅपिंगपासून नऊ मीटर खाली असेल तर स्क्रीनवर ०.९ किलो जास्त दिसणारच, आणि ते जास्त दिसणं खरं आहे. डायफ्रामवर तेवढा दाब आहेच.

उंची मोजताना पाइपची लांबी मोजू नका. लाइन फिरत-फिरत वीस मीटर आली असली तरी मोजायची ती उभी उंची. मी दोरीला नट बांधून ओळंब्यासारखा वरून सोडतो आणि खाली डायफ्रामच्या मध्यापाशी दोरीला गाठ मारतो. ड्रॉइंगमध्ये लिहिलेली उंची बऱ्याचदा खरी नसते, कारण रॅक उभा करताना वेल्डरने सोयीची जागा निवडलेली असते.

पण इथे थांबू नका, कारण तुमच्या आकड्यात एक फसवा योगायोग आहे. ४३ बार म्हणजे ४३.८५ किलो. एक बार म्हणजे १.०१९७ किलो प्रति चौरस सेंटिमीटर. गेजच्या डायलवर खाली बारीक अक्षरात बार लिहिलेलं असेल आणि स्क्रीन किलोमध्ये असेल, तर दोघंही अगदी बरोबर असून फरक तेवढाच येतो. म्हणजे चालत्या प्रेशरला दोन्ही संशयित एकच आकडा देतात: पाण्याचं वजन ०.९ आणि एककाचा घोळ ०.८५. नुसतं ४३ ला बघून यातला कोण हे तुम्ही कधीच सांगू शकणार नाही.

सांगता येतं ते कमी प्रेशरला. बॉयलर पेटवताना किंवा बंद करताना खाली उभे राहा, वर एक माणूस गेजपाशी ठेवा, आणि १०, २०, ३०, ४० ला दोन्ही आकडे एकाच क्षणी लिहून घ्या. पाण्याचं वजन असेल तर १० लाही ०.९ चाच फरक दिसेल, ४० लाही. एककाचा घोळ असेल तर १० ला फक्त ०.२, २० ला ०.४ आणि तसाच वाढत जाईल. फरक जर धड कायम नाही आणि धड प्रमाणातही नाही, कधी चढतो कधी उतरतो, तर लाइनमध्ये हवा अडकलीय, व्हॉल्व्ह अर्धवट तुंबलाय किंवा कुठेतरी गळती आहे. लाइनला मध्ये पोट पडलं असेल, म्हणजे ती एकदा खाली येऊन पुन्हा वर चढत असेल, तर त्या उंचवट्यावर हवा बसते. एक मीटर उभ्या भागात पाण्याऐवजी हवा असेल तर ०.१ किलो गेलाच.

समजा पाण्याचं वजनच निघालं. मग दुरुस्ती कुठे करायची? इथेच बहुतेक जण चुकतात. झीरो ट्रिम आणि रेंज बदलणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. झीरो ट्रिम म्हणजे सेन्सरला सांगणं, की तुझ्यावर आत्ता काहीही दाब नाही. ते फक्त आयसोलेशन व्हॉल्व्ह बंद करून, ड्रेन सावकाश उघडून, डायफ्राम खरोखर हवेला मोकळा केल्यावरच करायचं. पाण्याचं वजन झीरोमध्ये लपवलंत तर सेन्सर खोटं बोलायला शिकतो. पुढच्या वर्षी दुसरा कुणी तो मोकळा करून बघेल, त्याला उणे ०.९ दिसेल, तो प्रामाणिकपणे झीरो मारेल, आणि तुमचा फरक पुन्हा उभा राहील.

वजनाची दुरुस्ती रेंजमध्ये करा. ०-६० ऐवजी ०.९ ते ६०.९ ठेवा. स्पॅन तोच ६० राहतो, आणि लाइन पाण्याने भरलेली असताना हेडरला शून्य असेल तेव्हा बरोबर चार मिलीअँप येतात (ट्रान्समीटर रेंजचं खालचं टोक चार आणि वरचं टोक वीस मिलीअँप करंटने सांगतो). काही कारखान्यांत ही दुरुस्ती डीसीएसमध्ये करतात, म्हणजे स्टोअरमधला कुठलाही ट्रान्समीटर उचलून लावता येतो. तुमच्याकडे कुठली पद्धत चालते ते आधी विचारा. दोन्ही चालतात, फक्त दोन्हीकडे एकदम केली तर उलटा ०.९ चा फरक पडतो. मला स्वतःला ट्रान्समीटरमध्ये केलेली आवडते, पण एका अटीवर.

अट अशी. रेंज ०.९ पासून सुरू केल्यावर ट्रान्समीटर मोकळा केला की हिशोबाने ३.७६ मिलीअँप यायला हवेत. पण बरेच ट्रान्समीटर ३.८ च्या खाली जातच नाहीत, तिथेच टेकतात. आता डोळ्यांसमोर आणा. रात्रपाळीचा मुलगा मल्टीमीटर लावून बसलाय, ड्रेन उघडा आहे, मीटरवर ३.८० स्थिर आहे. त्याला शिकवलंय की शून्याला चार यायला पाहिजेत. तो झीरोचं बटन दाबणारच, आणि त्यात त्याचा दोष नाही. म्हणून ट्रान्समीटरच्या मानेला स्टीलची छोटी पट्टी तारेने बांधा आणि तीवर पंच करा: रेंज ०.९ ते ६०.९, हेड ९ मीटर, मोकळा असताना ३.८. स्टिकर लावू नका. बॉयलरजवळ तो एक हंगामही टिकत नाही.

हात लावण्याआधी एक गोष्ट मी तुम्हाला कळकळीने सांगतो. कंट्रोल रूमला सांगितल्याशिवाय, लूप (त्या रीडिंगवर चालणारं ऑटो नियंत्रण) मॅन्युअलवर घेतल्याशिवाय आणि त्यावर ट्रिप (आपोआप बंद करणारी सुरक्षा) असेल तर ती रीतसर परवानगीने बायपास केल्याशिवाय एकही व्हॉल्व्ह फिरवू नका. मी नवीन असताना साताऱ्याकडच्या एका कारखान्यात बॉयलरच्या ड्रम लेव्हलच्या डीपी (दोन बाजूंच्या दाबातला फरक मोजणाऱ्या) ट्रान्समीटरचा झीरो बघायला गेलो होतो. मॅनिफोल्डचे आयसोलेशन व्हॉल्व्ह बंद करण्याआधी मी दोन्ही बाजू जोडणारा मधला इक्वलायझिंग व्हॉल्व्ह उघडला. संदर्भाच्या बाजूला कंडेन्सेट पॉटपर्यंत उभं असलेलं पाणी त्यातून दुसऱ्या बाजूला निघून गेलं. तो व्हॉल्व्ह मी लगेच बंद केला, पण गेलेलं पाणी परत आलं नाही. तिथे दाबातला फरक कमी झाला की लेव्हल जास्त दिसते, म्हणून स्क्रीनवर लेव्हल एकदम वर गेली आणि कंट्रोल व्हॉल्व्हने फीड वॉटर तोडलं. प्रत्यक्षात ड्रममधलं पाणी उतरत होतं. गेज ग्लासपाशी उभ्या असलेल्या फायरमन मामांनी ते पाहिलं, वरूनच ओरडले, आणि ऑपरेटरने फीड हातात घेतलं. त्या दिवशी कुणाला काही झालं नाही ते त्यांच्या नजरेमुळे. तेव्हापासून क्रम ठरलेला आहे: आधी सांगायचं, मग मॅन्युअल, मग आयसोलेशन बंद, आणि त्यानंतरच बाकीचं. परत सुरू करताना उलट क्रमाने, आणि वाफेची लाइन रिकामी झाली असेल तर हेडरपाशचा रूट व्हॉल्व्ह उघडण्याआधी ती पाण्याने भरून. लाइन वाफेने फुंकून साफ (ब्लोडाउन) केली असेल तर ती वाफेने भरलेली असते, म्हणून ती हाताला थंड लागेपर्यंत ट्रान्समीटरकडचा आयसोलेशन उघडायचा नाही.

बसवण्याबद्दल तुम्ही फार विचारलेलं नाही, म्हणून थोडक्यात. लाइनला सलग उतार द्या, मीटरला आठ सेंटिमीटर तरी. रस, सिरप, मोलॅसिस यांना इम्पल्स लाइन देऊच नका, महिन्यात ती चिकटून बंद होते. तिथे फ्लश डायफ्राम किंवा कॅपिलरीवाला रिमोट सील लागतो. टेफ्लॉन टेप गुंडाळताना पहिले दोन आटे मोकळे सोडा, नाहीतर तिचा तुकडा आत जाऊन बारीक छिद्र बुजवतो. ट्रान्समीटर थरथरणाऱ्या पाइपवर न लावता वेगळ्या स्टँडवर लावा.

आता पहाटे चढणारं रीडिंग. पहाटे जास्त आणि ऊन आल्यावर बरोबर, हे लक्षण जवळजवळ नेहमी ओलाव्याचं असतं. कारखाना पावसाळ्यात बंद असतो, त्या चार-पाच महिन्यांत झाकणं अर्धवट बसवलेली राहतात, केबल आत जाते त्या ग्लँडचं तोंड वर असतं, न वापरलेल्या एंट्रीला प्लॅस्टिकचं बूच असतं. पाणी आत जातं. दसऱ्याच्या सुमारास अग्निप्रदीपन होतं, मोळी पडते, आणि तोवर आतलं पाणी कुणी बघितलेलं नसतं. दोन टर्मिनलांमध्ये ओल असली की ट्रान्समीटरच्या बाजूने थोडा करंट परस्पर वाहतो, आणि तो ट्रान्समीटरच्या करंटमध्ये मिळवला जातो. म्हणून रीडिंग चढतं. दव सुकलं की करंट थांबतो.

तपासणी सोपी आहे, पण ती पहाटेच करा. हार्ट कम्युनिकेटरवर (ट्रान्समीटरशी त्याच तारेवरून बोलणाऱ्या हातातल्या यंत्रावर) ट्रान्समीटर किती मिलीअँप देतोय ते बघा, आणि त्याच वेळी डीसीएसच्या कार्डापाशी मीटर सिरीजमध्ये लावून किती येतात ते बघा. समजा ट्रान्समीटर म्हणतो १२.०० आणि कार्डापाशी १२.३ येतायत. मग ट्रान्समीटरकडची तार त्याच्या टर्मिनलवरून सोडा. आता करंट शून्य व्हायला हवा. तरीही ०.३ वाहत असेल तर ओल केबलमध्ये किंवा जंक्शन बॉक्समध्ये आहे. शून्य झाला तर ती ट्रान्समीटरच्या टर्मिनल कप्प्यातच आहे. केबलला मेगर (जास्त व्होल्टेजने इन्सुलेशन तपासणारा मीटर) लावणार असाल तर दोन्ही टोकं सोडूनच लावा, नाहीतर ट्रान्समीटर आणि कार्ड दोन्ही जातील. मागे एका जंक्शन बॉक्सचं झाकण उघडलं तर आत मुंग्यांनी माती आणून टर्मिनल पट्टी भरून टाकली होती, आणि ती माती ओली होती. धातूचं बूच, ग्लँडचं तोंड खाली आणि केबलला खाली झुकणारा एक वेढा, एवढ्याने निम्मा त्रास संपतो. शील्ड एकाच टोकाला, कॅबिनेटमध्ये अर्थ करा. ऊस कॅरियरच्या व्हीएफडीची (मोटरचा वेग बदलणाऱ्या ड्राइव्हची) केबल आणि ही केबल एका ट्रेमधून नेऊ नका.

हीच तीन आकड्यांची पद्धत सगळीकडे वापरा: कम्युनिकेटरवरचा दाब, प्रत्यक्ष मिलीअँप आणि स्क्रीन. मिलीअँपमधून चार वजा करा, सोळाने भागा, स्पॅनने गुणा. रेंज शून्यापासून सुरू होत नसेल तर स्क्रीनची रेंज कुठून धरलीय तेही बघा. तुमच्या ०-६० च्या लूपमध्ये ४३.९ ला १५.७१ यायला हवेत. दाब बरोबर आणि मिलीअँप चूक असतील तर आउटपुट ट्रिम. मिलीअँप बरोबर आणि स्क्रीन चूक असेल तर कार्ड किंवा डीसीएसची रेंज.

आता तुमचा व्हॅक्यूम पंप. ७६० मिलिमीटर हा समुद्रसपाटीचा आकडा आहे. सांगली समुद्रसपाटीपासून सुमारे ५५० मीटर उंच आहे, आणि इथे हवेचाच दाब ७१२ मिलिमीटरच्या आसपास असतो. साताऱ्याला सुमारे ७४० मीटर उंचीवर तो ६९५ च्या आसपास. जेवढी हवा आहे तेवढीच काढता येते. सांगलीत ७०० पर्यंत जाणारा पंप उत्तम आहे, त्याला खोलू नका. रेंज ७६० ची असली तरी २००, ४००, ६०० आणि ६५० ला तपासा. पॅन चालतो तो भागही यातच येतो. ट्रान्समीटर अ‍ॅब्सोल्यूट प्रकारचा (पूर्ण निर्वातापासून दाब मोजणारा) असेल तर मात्र जपा. मोकळ्या हवेत तो शून्य दाखवत नाही, ७१० च्या आसपास दाखवतो, आणि ते बरोबर आहे. तिथे कुणी झीरो मारला तर तो पुन्हा बसवायला चांगला व्हॅक्यूम पंप आणि अ‍ॅब्सोल्यूट संदर्भ लागतो.

तसंच डेड वेट टेस्टरचं, म्हणजे वजनं ठेवून नेमका दाब तयार करणाऱ्या यंत्राचं. त्याची वजनं प्रमाण गुरुत्वाकर्षणासाठी, म्हणजे ९.८०६६५ साठी, कोरलेली असतील तर आपल्याकडे ती थोडा कमी दाब देतात. सांगलीला गुरुत्वाकर्षण ९.७८३ च्या आसपास आहे, म्हणजे फरक सुमारे ०.२४ टक्के. ४३ किलोला तो ०.१ होतो. गेजसाठी तो नगण्य आहे, पण ०.०७५ टक्क्यांच्या ट्रान्समीटरची सेन्सर ट्रिम अशा वजनांवर केलीत तर चांगला ट्रान्समीटर तुम्ही स्वतः बिघडवलात. प्रमाणपत्रात कुठलं गुरुत्वाकर्षण धरलंय ते वाचा, आणि प्रमाणपत्र एनएबीएल (प्रयोगशाळांना मान्यता देणारी राष्ट्रीय संस्था) मान्यता असलेल्या प्रयोगशाळेचं आहे का तेही बघा. कॅलिब्रेशन पाच बिंदूंवर चढताना आणि उतरताना दोन्ही करा, आणि ट्रिम करण्याआधीचे आकडे आधी लिहा. ते आकडे नसतील तर ट्रान्समीटर वर्षभर बरोबर होता की नाही हे कुणालाच सांगता येत नाही.

तुम्ही काढलेला जुना ट्रान्समीटर भंगारात टाकला नसेल अशी आशा आहे. बेंचवर घ्या, मोकळा ठेवून त्याचा शून्य बघा, हँडपंपाने पाच बिंदू घ्या. मला तो चांगलाच निघेल असं वाटतं. निघाला तर पट्टीवर तारीख पंच करून स्टोअरमध्ये ठेवा, आणि पुढच्या शटडाउनला १०, २०, ३०, ४० चे आकडे मिळाले की मला कळवा. सोबत दोरीने मोजलेली उंची आणि गेजच्या डायलवर खाली लिहिलेलं एकक हेही पाठवा.